जाऊबाईंना परकं केलं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ, खाडीवरची फेरीबोट चालवतात. बोट चालवणाऱ्याला सारंग म्हणतात, आणि दोन्ही धक्क्यांवर कुणालाही "सारंग कुठे राहतो?" विचारलं तर तो हातातलं काम टाकून आमच्या दारापर्यंत सोडायला येईल. सत्तावीस वर्षं झाली त्यांना या कामाला. लग्न होऊन मी या घरात आले त्याला एकतीस झाली. म्हणजे त्यांची नोकरी मी पहिल्या दिवसापासून पाहिलेली आहे.

घराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली. एक खाट, एक खिडकी, भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, खुंटीवर दोन सदरे. सदऱ्याची बटणं स्वतःची स्वतः लावतात. ते बोटीवर लागले त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात मी हौसेने त्यांच्या सदऱ्याला बटण लावून दिलं होतं. संध्याकाळी तो सदरा माझ्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, हे घरात टिकेल. वाऱ्यात नाही टिकायचं." तेव्हापासून मी त्यांच्या बटणांना हात लावलेला नाही.

बोलणं मोजकंच. बोलता येत नाही असं नव्हे, त्यांना गरज वाटत नाही. "हं" आणि "बघू" या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघतो. एकदा लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगी चांगली होती, मला आवडली होती. तिचं म्हणणं एवढंच की पाण्यावरची नोकरी सोडा. भाऊजी म्हणाले, "बघू." त्यांचं बघून होईपर्यंत तिचं दुसरीकडे जमलं, तिला दोन मुलं झाली, आणि आता ती त्यांच्याच बोटीने माहेरी जाते. उतरताना "येते हं" म्हणते. भाऊजी "हं" म्हणतात.

वेळेच्या बाबतीत मात्र घड्याळाने त्यांच्याकडून शिकावं. सकाळी सहा चाळीसची पहिली फेरी, जेवायला घरी एक वाजून दहा मिनिटांनी. एक वाजून पाच मिनिटांनी मी ताट घ्यायची आणि आमटी वाढेपर्यंत त्यांच्या चपला दाराशी वाजायच्या. म्हणून गेल्या वर्षी थंडी संपता संपता एका दुपारी सव्वा वाजत आला तरी चपला वाजल्या नाहीत, तेव्हा मी देवाचं नाव घेत दारात जाऊन उभी राहिले. चार मिनिटांनी आले. हातपाय धुतले, पाटावर बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आज एक डॉल्फिन आला होता."

यजमान समोर जेवत होते. "मग?"

"बघत होता."

"कोणाला?"

"मला."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. एका दमात एवढं बोलणं घरात बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

झालं होतं असं. खाडीच्या मध्यावर पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे आणि तो जागा बदलत राहतो. पाण्याची खोली दाखवणारं यंत्र बोटीवर बसवून नऊ वर्षं झाली, पण भाऊजींचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. "यंत्र कालचं सांगतं. वाळू आज सरकली असेल तर?" तिथे आलं की ते इंजिन मंद करतात, सुकाणू खलाशाच्या हातात देतात, स्वतः कडेला जाऊन लांब बांबू तळापर्यंत खुपसतात आणि खोली हाताने जोखतात. मग बांबूला लागलेला चिखल झाडायला तो बोटीच्या अंगावर तीनदा आपटायचा. ठक, ठक, ठक. आणि पुढे निघायचं. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागत नाही. सत्तावीस वर्षांत खाडीवर हे दुसऱ्या कुणी केलं नाही आणि भाऊजींनी एकदाही चुकवलं नाही.

त्या दिवशी तीन ठोके झाले आणि बांबूच्या शेजारी पाण्यातून एक डोकं वर आलं.

दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्याही. आठवडाभरात बोटीवरच्या लोकांना ते माहीतच झालं. खलाशी भाऊजींच्याच वयाचा आहे. आवाज असा की पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जावा, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याने जाहीर करून टाकलं, "बाईच आहे ती. या मुक्या माणसासमोर इतका वेळ थांबायची चिकाटी बाईमाणसालाच असते."

घरी हे कळल्यावर यजमानांना चेव आला. मला म्हणाले, "अगं, इतक्या वर्षांनी याच्याकडे बघायला कुणीतरी आलं. तुला जाऊ आली म्हण की!" झालं, त्या दिवसापासून ती जाऊबाई. दुपारी भाऊजी ताटावर बसले की यजमान विचारायचे, "जाऊबाई आल्या होत्या?" भाऊजी "हं" म्हणायचे. पण हा "हं" निराळा होता. एकतीस वर्षं ऐकल्यावर माणसाला "हं"मधला फरक कळतो. मी रोजच्या वहीत दूधवाला, पाहुणे, औषधं असं सगळं लिहिते, त्यातच लिहू लागले: जाऊबाई दहाच्या फेरीला आल्या. जाऊबाई आज नाहीत. जाऊबाई दोनदा.

दर गुरुवारी मी पलीकडे ताईकडे जाते. त्या गुरुवारी मुद्दाम कडेच्या बाकावर बसले. मध्यावर इंजिन मंद झालं, बांबू गेला, तीन ठोके पडले. लगेच काही दिसलं नाही. मग फुस्स करून श्वास सोडल्याचा आवाज आला आणि ओलसर, मासळीचा वास असलेली हवा तोंडावर आली. शिशासारख्या रंगाची, गुळगुळीत पाठ. ती एका कुशीवर वळली आणि कूस बांबूला घासत हळूहळू पुढे सरकली, परत फिरली, पुन्हा घासली. दाराच्या चौकटीला मांजर अंग घासतं ना, अगदी तसं. मग डोकं वर काढून थांबली. एक डोळा वर. तो डोळा बोटीकडे नव्हता, माझ्याकडे नव्हता, भोंग्याकडेही नव्हता.

भाऊजी वाकले आणि म्हणाले, "आलीस?"

तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलेला नव्हता. मी चटकन दुसरीकडे पाहिलं. आपण दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरलो असं वाटलं.

आता दहाच्या फेरीला पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका असायच्या. एका मिनिटाच्या कामाला पाच मिनिटं लागू लागली आणि त्यांची सकाळची प्रार्थना रोज हुकू लागली. बोट रोज मध्येच थांबते, एवढंच लिहून त्यांनी बंदर कार्यालयात तक्रार दिली. साहेबांनी आधी भोंग्याला बोलावून विचारलं की बोट रोज मध्येच का थांबते. भोंग्याने आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "काही नाही साहेब, सारंगाच्या वहिनींच्या जाऊबाई भेटायला येतात."

तिसऱ्या दिवशी भाऊजींच्या हातात कागद आला. शिक्का, सही, सगळं रीतसर. 'कामाच्या वेळेत, भर खाडीत, स्त्री-नातेवाइकास भेटण्यासाठी प्रवासी बोट थांबविल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

यजमान तो कागद वाचून इतके हसले की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. भाऊजी हसले नाहीत. कागद घडी करून, उलगडून, पुन्हा घडी करत बसले. "खुलासा काय लिहू? कागदावर डॉल्फिन लिहिलं की पेपरात येईल, उद्या तालुकाभरचे लोक होड्या घेऊन येतील. तिच्या अंगावर बसतील लोक."

"मग काय, बाईच येते म्हणून सही करणार?" मी म्हटलं.

"बघू."

"काही बघायचं नाही. मी येते."

वही पिशवीत टाकली आणि त्यांच्याबरोबर निघाले. साहेब तसे भले माणूस होते, पण त्या दिवशी गंभीर चेहरा करून बसले होते. मला खुर्ची दिली. भाऊजी उभेच, नजर स्वतःच्या चपलांवर.

"बाई, या तुमच्या जाऊबाई राहतात कुठे?"

"खाडीतच, साहेब."

"खाडीत म्हणजे काठावर?"

"पाण्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "होडीत राहतात? मग बोटीपर्यंत येतात कशा?"

"पोहत येतात."

"रोज? या वयात?"

"वय कुणाला माहीत, साहेब. विचारणार कसं?"

साहेबांनी भाऊजींकडे असं पाहिलं की भाऊजींचे कान लाल झाले. मला आता हसू आवरेना, म्हणून वही उघडली आणि सापडलं ते पान वाचायला सुरुवात केली. "मंगळवार. जाऊबाई दहाच्या फेरीला आल्या. एकट्याच. शेपटीने पाणी उडवून भोंग्याचा सदरा भिजवला."

"कशाने?"

"शेपटीने."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि टेबलावर हात मारून ते असे हसले की बाहेरचा कारकून आत डोकावला. मीही हसले. भाऊजींच्यासुद्धा मिशा हलल्या. पण मी पुढचं पान आधीच उलटलं होतं आणि साहेब म्हणाले, "वाचा, वाचा," म्हणून वाचलं. "शुक्रवार. पाठीवरच्या पराला नवी जखम. चार बोटं लांब. भाऊजी जेवले नाहीत."

हसणं थांबलं. साहेब म्हणाले, "पंख्याने कापलं असणार. इंजिनाच्या." कागद त्यांनी परत घेतला, आपल्या खणात ठेवला आणि कुणाला तरी फोन लावला. आम्ही निघताना भाऊजींना म्हणाले, "मुख्याध्यापिकांना तेवढं वेळेवर पोचवत जा, सारंग."

त्या फोनमुळे डॉल्फिनवाल्या बाई आल्या. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या. उन्हाने रापलेल्या, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, खिशात पेन्सिलींचे तुकडे. एकवीस दिवस त्या बोटीवर बसल्या आणि दुपारी जेवायला आमच्याकडे येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी सांगितलं की भोंग्याचं खरं आहे, ती मादीच आहे. भोंगा त्यानंतर आठवडाभर छाती काढून चालत होता.

एकविसाव्या दिवशी जेवताना भाऊजींनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "ती माझ्याकडे का येते?"

बाई घोटभर पाणी प्यायल्या. "खरं सांगू? पूर्ण कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या दिवशी कशाला आली ते सांगता येईल. तुम्ही बांबू खुपसता, चिखल उसळतो, त्यातले बारके मासे वर येतात. तिला आयतं खायला मिळालं. आणि तुमचे तीन ठोके. यांना कानानेच सगळं कळतं, पाण्यात आवाज लांब जातो. ठोके म्हणजे मासे, हे तिने पाठ केलं."

"म्हणजे मासे," भाऊजी म्हणाले आणि ताटाकडे पाहू लागले.

मला त्या बाईंचा राग आला. काय गरज होती एवढं खरं बोलायची?

"थांबा, सारंग. पहिल्या दिवसाचं सांगितलं मी. या एकवीस दिवसांत अकरा वेळा असं झालं की मासे समोर होते आणि तिने ते खाल्ले नाहीत. बांबूला अंग घासत राहिली. हे प्राणी कळपात राहतात. एकमेकींना घासतात, शेजारी शेजारी पोहतात, बरोबर श्वास घेतात. ही कशाने तरी कळपातून तुटली. त्यांना संगत लागते, अन्नासारखी लागते. आपल्या जातीची मिळाली नाही तर त्या दुसरीकडे शोधतात."

"म्हणजे मी कळप?"

"तुम्ही, बांबू, बोट, हे भोंगे, सगळं मिळून."

भोंगाही त्या दिवशी जेवायला होता. "मी जन्माचा कळपातलाच," तो म्हणाला. "आमच्या आईला विचारा."

सगळे हसले. मी म्हटलं, "पण ती हसते किती गोड. बघितलं ना तुम्ही?"

"तो जबड्याचा आकार आहे, वहिनी," बाई हळूच म्हणाल्या. त्याही मला वहिनीच म्हणू लागल्या होत्या. "आजारी असली, जखमी असली, तरी तोंड तसंच दिसतं. म्हणून तर माणसांना कळत नाही." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तिला वाटतं, बोट म्हणजे आपली माणसं. सगळ्याच बोटी. ती जखम त्यातूनच झाली. आणि पावसाळ्यानंतर याच मार्गावर दोन वेगवान बोटी सुरू होणार आहेत, साहेबांनी सांगितलं. त्या इंजिन मंद करणार नाहीत. अशा एकट्या पडलेल्या, माणसाळलेल्या चार मी आजवर पाहिल्या. दोन पंख्यात गेल्या. एक जाळ्यात. चौथीचं काय झालं ते कळलं नाही."



"उपाय?" यजमानांनी विचारलं.

"ओळख मोडायची. बोटीजवळ काही मिळत नाही, कुणी विचारत नाही, हे तिला कळायला हवं. ठोके नाहीत, बांबू नाही, थांबायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. बाहेर समुद्रात कळप फिरतात या दिवसांत. इथलं तुटलं तर कदाचित तिकडे जाईल. आणि हे दुसऱ्या कुणी करून चालायचं नाही. तिची ओळख यांच्याशी आहे."

भाऊजी उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. हात धुताना पाठमोरे म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बांबू बोटीवरून उतरवून धक्क्यावरच्या खोलीत ठेवला, कुलूप लावलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बोटीवरच्या त्या यंत्राकडे बघून उंचवटा ओलांडला.

पुढचं मला भोंग्याकडूनच कळायचं. भाऊजी पुढे निघून यायचे आणि हा मागून दाराशी थांबून, आवाज बारीक करायचा प्रयत्न करत, सांगायचा. पहिल्या दिवशी ती आली आणि पलीकडच्या धक्क्यापर्यंत बरोबर पोहली. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तिने पाण्याबाहेर उडी घेतली, एवढी मोठी की बोटीवरचे लोक उभे राहिले. शाळेची मुलं ओरडली, "सारंगकाका, थांबा ना!" आणि भोंग्याने सांगितलं त्यावर माझा विश्वासच बसेना, पण मुख्याध्यापिका स्वतः उठून आल्या आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबलात तरी चालेल हो. मी प्रार्थना पुढे ढकलीन."

"मग?"

"मग काय. समोर बघून म्हणाला, 'वेळ होतोय.'"

नवव्या दिवशी भोंगा दाराशी आला तेव्हा त्याला आवाज मुद्दाम बारीक करायची गरजच नव्हती. "वहिनी, आज तिनेच ठोके दिले हो. बोटीच्या अंगावर डोक्याने. एक, दोन, तीन. आम्हा दोघांना पायाखाली जाणवले. सारंगाने इंजिन वाढवलं." एवढं सांगून तो न जेवताच गेला.

आत भाऊजी ताटावर होते. मला म्हणाले, "वहिनी, मीठ." आमटीत मीठ होतं. मी वाढलं.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बसले आणि काय मागावं तेच कळेना. आजवर या घरात कुणी यावं, कुणी नीट पोचावं, कुणाला बरं वाटावं, हेच मागत आले. कुणाला न येण्याची बुद्धी व्हावी, हे कसं मागायचं? शेवटी एवढंच म्हटलं की देवा, तुला ती कळते आणि तुला भाऊजी कळतात. आम्हाला दोघंही कळत नाहीत. तू बघ.

अकराव्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. ते सदऱ्याला बटण लावत बसले होते. मी दारातूनच म्हटलं, "भाऊजी, एकदा तरी बघा तिच्याकडे. नुसतं बघायला काय जातं?"

सुई थांबली. "एकदा बघितलं की मागचे अकरा दिवस फुकट जातात, वहिनी. माझे नाही. तिचे."

मी परत स्वयंपाकघरात आले. त्यांना निष्ठुर म्हणायचं मनात आलं होतं, ते गिळलं. आजपर्यंत मला वाटायचं की या माणसाला कुणाची ओढ लागली नाही म्हणून एकटा राहिला. एकतीस वर्षं एका घरात राहून माणसाबद्दल इतकं चुकता येतं.

मग तिचं येणं कमी झालं. एक दिवसाआड, मग चार दिवसांनी. मग दुरून जायची, थांबायची नाही. डॉल्फिनवाल्या बाई आपल्या छोट्या होडीतून लक्ष ठेवून होत्या, तेही लांबून, इंजिन बंद ठेवून. एक दिवस त्यांनी निरोप आणला की खाडीच्या तोंडाशी तिघींचा घोळका आलाय आणि ही त्यांच्या मागे मागे फिरतेय. अजून त्यांनी जवळ घेतलेली नाही, पण हाकललेलीही नाही.

"म्हणजे झालं का?" मी विचारलं.

"तपासायला हवं," बाई म्हणाल्या आणि भाऊजींकडे वळल्या. "एकदाच. बांबू घ्या, पूर्वीसारखे ठोके द्या. आली तर अजून काही महिने हेच करावं लागेल, आणि तोवर नव्या बोटी सुरू होतील. नाही आली तर वाचली."

गुरुवारी ठरलं. त्या सकाळी भाऊजींनी दाढी दोनदा केली आणि ठेवणीतला पांढरा सदरा घातला. यजमानांनी पाहिलं, तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थट्टा गिळून परत मिटलं.

दहाची फेरी. मी कडेच्या बाकावर, समोर मुख्याध्यापिका, बाई वर सुकाणूपाशी दुर्बीण लावून. वारा नव्हता, पाणी सपाट होतं. मध्यावर इंजिन बंद झालं. लोकांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण कळलं असावं, कारण सगळे पाण्याकडे वळून बसले. भाऊजी कडेला गेले. बांबू तळापर्यंत नेला, हाताने खोली जोखली, वर ओढला. आणि ठोकायच्या आधी क्षणभर थांबले. मी बाजूने त्यांचा चेहरा बघत होते. तिने यावं असं त्यांना वाटत होतं. येऊ नये असंही तितकंच वाटत होतं. दोन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर मावत नव्हत्या.

ठक. ठक. ठक.

काही नाही. मग दीडेकशे हातांवर, समुद्राच्या बाजूला, पाण्याला रेघ पडली. पाठीवरचा पर दिसला. त्याच्यावरची त्या जखमेची खाच इथूनही ओळखू आली. ती बोटीकडे येत होती. सरळ. भोंग्याने माझा दंड धरला. भाऊजी हललेसुद्धा नाहीत, बांबू तसाच धरून उभे. पन्नासेक हातांवर आली असेल आणि थांबली. डोकं पाण्याबाहेर काढलं आणि बघत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि मोजायचं विसरले. त्यांनी तिला हाक मारली नाही. हात केला नाही. मागे लांबवर तीन फवारे उडाले, एकामागून एक. फुस्स, फुस्स, फुस्स. तिचं डोकं खाली गेलं. पाणी मिटलं. पुन्हा ती वर आली तेव्हा पाठ आमच्याकडे होती, आणि त्यानंतर वर आली तेव्हा ते चार पर होते आणि कोणता तिचा ते मला सांगता येईना.

"झालं," बाई म्हणाल्या. दुर्बीण डोळ्यांवरून काढून त्यांनी टोपी पुढे ओढली. मागून एक बाई "अरेरे, आली असती तर पोरांनी पाहिली असती," म्हणाल्या, कुणीतरी त्यांना गप्प केलं.

भाऊजींनी बांबू धुतला. सावकाश, टोकापासून टोकापर्यंत, चिखलाचा डाग राहू न देता. आडवा ठेवला. मग भोंग्याला म्हणाले, "घे तू."

"मी? धक्क्यापर्यंत?"

"हं."

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो सुकाणूवर गेला. सत्तावीस वर्षांत भाऊजी कधी प्रवाशांच्या बाकावर बसले नव्हते. कुठे बसावं हेसुद्धा त्यांना कळेना. मुख्याध्यापिकांनी उठून आपली पिशवी उचलली आणि पलीकडे जाऊन बसल्या, जागा करून दिली. ते माझ्या शेजारी येऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, पहिल्यांदाच बोटीत बसलेल्या माणसासारखे.

बोट निघाली. भोंग्याने वळण जरा मोठं घेतलं, तेही त्यांनी दुरुस्त केलं नाही. बांबू धुताना भाऊजींचा पांढरा सदरा पुढून पार ओला झाला होता. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. ते दोन घोट प्यायले, झाकण नीट बसवलं, आणि समोर पाण्याकडे बघत म्हणाले, "शिकली हो, वहिनी."

"शिकली," मी म्हटलं.

"बराच वेळ थांबली होती ना?"

"बराच वेळ."

"मला वाटलं येते."

"मलाही वाटलं."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. चालत्या बोटीच्या वाऱ्याने ते आपोआप सुकत होते. धक्का जवळ आला, दोर फेकायची वेळ झाली, भोंगा वरून हाका मारू लागला, आणि तरीही ते उठले नाहीत.